ट्रॅक ०१ ते ट्रॅक ३१२: घरातली गाणी कोडीत लावायची कशी

चाळीस कॅसेटी एका दुकानात 'डिजिटल' करायला दिल्या होत्या. तीन आठवड्यांनी हातात पेनड्राइव्ह पडला. तो टीव्हीला लावला आणि पडद्यावर यादी आली: ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३... शेवटी ट्रॅक ३१२. आण्णांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अगं, यातला माझा मारवा कुठला?"

आण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हिशेबाची सवय घरीही सुटली नाही. प्रत्येक कॅसेटला नंबर आणि एका लांब लाल वहीत तिची नोंद: नंबर, बाजू, कोण गायलंय, राग, तबल्यावर कोण, कुठून भरून घेतली. २०१९च्या ऑगस्टात गावभागात पाणी शिरलं तेव्हा खालच्या फळीवरच्या कॅसेटी भिजल्या. वरच्या राहिल्या आणि वही माळ्यावर होती म्हणून वाचली. त्या वहीमुळंच पुढचं सगळं जमलं. तुमच्या घरी अशी वही नसेल तर आधी ती करा. खरं काम तिथंच आहे, कोडी हे सॉफ्टवेअर बसवायला अर्धा तास पुरतो.

कोडी म्हणजे काय

गाणी, सिनेमे, फोटो एका जागी लावून टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर रिमोटनं चालवायचं हे सॉफ्टवेअर. २००२-०३च्या सुमारास काही हौशी मंडळींनी ते एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी लिहिलं, त्यामुळं पूर्वीचं नाव एक्सबीएमसी. २०१४ साली त्याचं कोडी झालं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. आणि त्यात स्वतःचं एकही गाणं नसतं. रिकामं कपाट घरी आणल्यासारखंच आहे, कप्पे तुमचे आणि मालही तुमचाच. 'कोडीत सगळे सिनेमे फुकट दिसतात' असं कुणी सांगितलं तर तो कुणीतरी तिसऱ्यानं वरून घातलेल्या ॲड-ऑनबद्दल बोलतोय. तिकडं जाऊ नका.

मोजकी पन्नासेक गाणी असतील तर यातलं काहीच नको, पेनड्राइव्ह आणि व्हीएलसी पुरे. घरातल्या चार फोनांवर, शिवाय बाहेरगावीही तेच संगीत हवं असेल तर जेलीफिन हे सॉफ्टवेअर बघा. एका खोलीत, एका टीव्हीवर किंवा एका ॲम्प्लिफायरवर ऐकायचं असेल तर मात्र कोडीच.

कशावर बसवायचं

अँड्रॉइड टीव्ही असेल तर प्ले स्टोअरमधून थेट घ्या. जुना लॅपटॉप पडून असेल तर कोडी डॉट टीव्ही या त्यांच्या साइटवरून उतरवा. आम्ही रास्पबेरी पाय ४ घेतला. पत्त्यांच्या कॅटाएवढा छोटा संगणक, त्यात लिब्रेईलेक ही फक्त कोडीपुरती असलेली यंत्रणा टाकली की वीज लावल्याबरोबर सरळ कोडीच उघडतं. आण्णांना विंडोज दिसतच नाही, हा मोठा फायदा. पाय ५ घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, त्याला हेडफोनचं गोल भोक नाही. जुन्या ॲम्प्लिफायरला जोडायला यूएसबीचा वेगळा साउंड डॅक, म्हणजे आवाज बाहेर काढणारी छोटी डबी, घ्यावा लागतो. पाय ४ला भोक आहे, पण त्याचा आवाज कामचलाऊच. डॅक तिथंही घेतलात तर बरंच.

गाणी ठेवायला एक टीबीची पोर्टेबल ड्राइव्ह पुष्कळ झाली. हिशेब साधा आहे. सीडीचा कच्चा आवाज मिनिटाला दहा एमबीच्या थोडा वर जातो, म्हणजे तासाला ६३५ एमबीच्या आसपास. तोच फ्लॅक या फाइलच्या प्रकारात दाबला की ढोबळमानानं निम्मा होतो आणि आवाजातलं काही जात नाही. ३२० केबीपीएसची एमपी३ तासाला १४४ एमबी. जागा आता स्वस्त आहे, तेव्हा कॅसेट किंवा सीडी एकदाच उतरवायची तर फ्लॅकमध्येच उतरवा. एमपी३ नंतर केव्हाही करता येते, एमपी३चं परत फ्लॅक करून काही मिळत नाही.

कॅसेट आत घेताना

दुकानावर रुसून मी हे काम स्वतः केलं. एक चालू डेक, दोन्ही टोकांना योग्य पिन असलेली वायर, लॅपटॉप आणि ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर. एवढंच लागतं.

कॅसेट घातल्या घातल्या रेकॉर्ड दाबू नका. आधी तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे पापुद्रे बघा. ते शाबूत असतील तर चाकूच्या टोकानं मोडा, म्हणजे चुकून तिच्यावरच दुसरं काही भरलं जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं पळवा, बरीच वर्षं एकमेकींना चिकटलेली फीत सुटते. काचेतून बघितल्यावर फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. पुरात भिजलेल्या आमच्या सात कॅसेटींवर होती. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेडला लागलेली घाण पुढच्या कॅसेटींनाही लागते. दर आठ-दहा कॅसेटींमागं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानातल्या काडीनं पुसायचं. काडीचं टोक तपकिरी होतं, तो फितीचाच झडलेला रंग.

आवाजाची पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठी तानही मायनस सहा डेसिबलच्या आतच राहील. घूं असा एकसुरी आवाज पाठीमागं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, निम्म्या वेळा तो विजेच्या जोडणीचाच असतो. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, ती तशीच वाजत राहणार, घाई चालत नाही. मी भाजी निवडत बसायची. राग संपला, दुसरा सुरू झाला की ऑडॅसिटीत कंट्रोल आणि एम दाबून लेबल लावायचं आणि शेवटी लेबलांप्रमाणं सगळे तुकडे एका दमात वेगळ्या फाइलींत काढायचे. टू-इन-वनवर रेडिओवरून भरलेलं असेल तर तो आवाज मोनो असतो, फाइलही मोनोच ठेवा.

आणि खरखर काढायचा मोह. ऑडॅसिटीत 'नॉइज रिडक्शन' आहे. नमुन्यासाठी गाणं नसलेला तुकडा निवडा म्हणतात. मी गायकानं सुरुवात करण्याआधीचे चार सेकंद निवडले आणि सगळ्या फाइलीवर चालवलं. खरखर गेली. तानपुराही गेला! त्या चार सेकंदांत तानपुरा लागलेला होता आणि सॉफ्टवेअरला तोच गोंगाट वाटला. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जी जवारी काढतात, तिचा झणकार नेमका तसल्या बारीक आवाजांत मोडतो. इथून दहा किलोमीटरवर मिरजेत पिढ्यानपिढ्या ज्या आवाजासाठी लोक भोपळे घासत बसलेत, मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, तो आवाज मी एका क्लिकवर पुसून टाकला होता. मूळ फाइल जपलेली होती म्हणून निभावलं. तेव्हापासून खरखर राहू दिली आहे. नमुना घ्यायचाच तर कॅसेटच्या अगदी सुरुवातीचा, काहीही न वाजणारा तुकडा घ्या आणि जोर कमीत कमी ठेवा.

सीडी असतील तर विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्रीॲक वापरा. तिथं फार काही सांगण्यासारखं नाही.

नावं: सगळं इथंच आहे

कोडी गाणी ओळखतं ती फाइलच्या नावावरून नव्हे, फाइलच्या पोटात लिहिलेल्या टॅगवरून. टॅग नसलेली फाइल 'फाइल्स' या जागी दिसते आणि वाजतेही, पण गायक, अल्बम, प्रकार यांच्या यादीत ती येतच नाही. नवख्या माणसाची पहिली तक्रार हीच असते, 'हजार गाणी टाकली, लायब्ररीत दोनशेच दिसतात'. बाकीची आठशे बिननावाची असतात.

टॅग भरायला विंडोजवर एमपी३टॅग उत्तम. नाव तसं असलं तरी फ्लॅकलाही चालतं. एका वेळी पन्नास फाइली निवडून गायकाचं नाव एकदाच लिहिता येतं. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड आवाज ऐकून नाव शोधतं, इंग्रजी अल्बम आणि गाजलेल्या हिंदी सिनेमांसाठी ते छान. मराठी भजनाच्या, घरगुती मैफलीच्या कॅसेटीसाठी त्याच्यावर वेळ घालवू नका. तिथं तुमची वहीच कामाला येते.

खाती अशी भरा. 'टायटल'मध्ये चिजेचे बोल किंवा राग, 'आर्टिस्ट'मध्ये गायक किंवा वादक, 'अल्बम'मध्ये कॅसेटचं नाव. घरी भरलेल्या कॅसेटीला नाव नसतं, मग आण्णांचा नंबरच लिहिला, 'कॅसेट ०४७'. शून्य पुढं लावायचा, नाहीतर १००, ४७च्या आधी येऊन बसते. 'अल्बम आर्टिस्ट' हे खातं लोक मोकळं सोडतात आणि तिथंच घोळ होतो. एका भजनाच्या कॅसेटीत सहा गायक असतील तर कोडी अंदाज बांधतं आणि अंदाज चुकला की एका कॅसेटीचे तुकडे होऊन यादीभर विखुरतात. अशा वेळी सगळ्या गाण्यांना अल्बम आर्टिस्ट एकच, 'विविध कलाकार'. जुगलबंदी असेल तर आर्टिस्टमध्ये दोन नावांच्या मध्ये जागा, तिरकी रेघ, परत जागा असं लिहा. कोडी दोघांच्याही नावाखाली ती दाखवतं.

नाट्यसंगीतासाठी 'कंपोजर' आणि 'लिरिसिस्ट' भरायची तसदी घ्या. बालगंधर्वांचं नागठाणे आमच्या जिल्ह्यातलं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं नाटक केलं ते सांगलीत, त्यामुळं घरोघर नाट्यगीतांची एखादी तरी कॅसेट असतेच. तेच पद चार जण गायलेले असतात. संगीतकाराच्या नावावर गेलं की चारही समोरासमोर येतात. नाटकाचं नाव मी 'कमेंट'मध्ये लिहिते.

आता देवनागरीतल्या खोड्या. यावर माझे दोन रविवार गेले.

पहिली, पदव्या. 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी' आणि इंग्रजी लिपीतले भीमसेन जोशी, कोडीच्या लेखी ही चार वेगळी माणसं. शिवाय पं. लावलं की झाडून सगळे पंडित 'प'खाली जमतात आणि सगळे उस्ताद 'उ'खाली. आण्णांना पदवी काढणं जड गेलं. "नुसतं अब्दुल करीम खाँ कसं लिहायचं गं? मिरजेत दर्ग्याच्या उरुसाला त्यांच्या नावानं रात्र रात्र गाणं होतं." शेवटी ठरलं की पदव्या वहीत राहतील, टॅगमध्ये नाही.

दुसरी, 'खाँ', 'खां' आणि 'खान'. एकच ठरवा. तिसरी सगळ्यांत वाईट, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. आमच्याकडं कऱ्हाडच्या एका कीर्तनाच्या कॅसेटी आहेत. कोडीत 'कऱ्हाड' दोनदा दिसायचं, अक्षर न् अक्षर सारखं, एकात चार फाइली आणि दुसऱ्यात सात. कारण असं की आडवा 'ऱ्' संगणकावर दोन रीतींनी टाइप होतो, फोनच्या कीबोर्डवर एक आणि लॅपटॉपवर दुसरा. दिसतात सारखे, आतून वेगळे. 'ॲ'चंही तेच. उपाय एकच. गायकांच्या, रागांच्या नावांची एक यादी नोटपॅडमध्ये करून ठेवा आणि प्रत्येक वेळी तिथूनच उचलून चिकटवा. हातानं पुन्हा टाइप करायचं नाही.

फाइलींची आणि फोल्डरांची नावं मात्र इंग्रजी लिपीतच, साधी ठेवा. हीच ड्राइव्ह उद्या गाडीच्या स्टिरिओला लावाल तर तिथं देवनागरीचे चौकोन दिसतात. एका कॅसेटीचा एक फोल्डर.

कोडीत गाणी जोडणं

पहिल्यांदा कोडी उघडल्यावर 'म्युझिक'वर गेलात की ते रिकामं असल्याचं सांगतं आणि फाइल्सच्या भागात जायचं बटण दाखवतं. तिथं 'ॲड म्युझिक', मग 'ब्राउझ', तुमच्या ड्राइव्हवरचा गाण्यांचा मूळ फोल्डर निवडा, ओके. हा साठा लायब्ररीत घालायचा का असं विचारेल, 'येस' म्हणा. वर कोपऱ्यात टक्के सरकताना दिसतात. आमच्या दीड हजार फायलींना चहा होईपर्यंतचा वेळ लागला.

त्याआधी एक करा. सेटिंग्जमध्ये डाव्या बाजूला खाली एक दातेरी चाक असतं, त्यावर 'स्टँडर्ड' असं लिहिलेलं असेल. ते दाबत दाबत 'एक्सपर्ट'वर आणा. तोवर अर्धी सेटिंग्ज लपलेलीच असतात आणि माणूस मी सांगितलेलं शोधत बसतो. मग 'मीडिया'त 'म्युझिक'मध्ये जाऊन अपडेट करताना जादा माहिती आणायचा पर्याय बंद करा, ऑनलाइन माहितीला प्राधान्य द्यायचाही बंद. नाहीतर वहीवरून मेहनतीनं भरलेल्या नावांवर कुठलीतरी परकी माहिती येऊन बसते.

नावांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका. 'इंटरफेस', 'स्किन', 'फॉन्ट्स' असं जाऊन 'एरियल बेस्ड' निवडा. अक्षरं आली पण वेलांट्या सुट्या आणि जोडाक्षरं फुटलेली दिसत असतील तर कोडीची आवृत्ती जुनी आहे, ताजी घ्या.

टॅग नंतर दुरुस्त केले तर 'अपडेट लायब्ररी' चालवायचं. फायली हलवल्या किंवा पुसल्या तर 'क्लीन लायब्ररी', पण ड्राइव्ह जोडलेली आहे याची खात्री करून मगच.

कॅसेटीच्या वेष्टणाचा फोटो फोनवर काढून त्या फोल्डरमध्ये टाका. नाव इंग्रजीत, लहान अक्षरांत 'फोल्डर', प्रकार जेपीजी. कोडी तोच अल्बमचं चित्र म्हणून दाखवतं. घरी भरलेल्या कॅसेटींना वेष्टण नव्हतं, तिथं मी वहीतल्या त्या त्या ओळीचा फोटो टाकला. टीव्हीवर निळ्या शाईतलं आण्णांचं अक्षर येतं.

रात्री दहाला ललित

लायब्ररी लागल्यावर मी हौसेनं 'पार्टी मोड' लावून दिला. त्यात कोडी मनाला येईल ते गाणं उचलतं. रात्रीची जेवणं झाली होती. पहिलंच आलं ललित. आण्णा उठून आत गेले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "पहाटेचा राग आहे तो. झोपायच्या वेळी उठवतोस काय म्हणाव त्याला."

त्यावर उपाय सापडला तो 'स्मार्ट प्लेलिस्ट'. साध्या प्लेलिस्टमध्ये गाणी एकेक करून घालावी लागतात. इथं तुम्ही नुसती अट घालता आणि त्या अटीत बसणारं जे असेल ते कोडी आपण होऊन गोळा करतं, उद्या नवी कॅसेट भरलीत तर तीही.

अट कशावर घालायची? मी टॅगमधलं 'मूड' हे खातं प्रहरासाठी वापरलं. एमपी३टॅगमध्ये ते समोर दिसत नाही, फायली निवडून ऑल्ट आणि टी दाबलं की सगळ्या खात्यांची खिडकी उघडते, तिथं 'मूड' नावाचं नवं खातं घालायचं. आण्णा वही घेऊन शेजारी बसले. भैरव, तोडी, ललित या रागांना 'सकाळ'. सारंग 'दुपार'. मारवा, पूरिया, यमन 'सांज'. बागेश्री, मालकंस 'रात्र'. भैरवीवर अडलं. ती सकाळची खरी, पण मैफल संपवताना केव्हाही गातात. तिला 'शेवट' असं स्वतंत्र नाव दिलं.

मग कोडीत म्युझिकच्या 'प्लेलिस्ट्स'मध्ये 'न्यू स्मार्ट प्लेलिस्ट'. प्रकार 'साँग्ज' ठेवा, तो चुकून 'अल्बम्स' ठेवलात तर भलतीच खाती समोर येतात. नवा नियम घाला, खातं 'मूड', अट 'इज', किंमत 'सांज'. वर नाव द्या 'सांज' आणि क्रम 'रँडम'. संपलं. चार प्रहरांच्या चार याद्या झाल्या. टीव्हीच्या रिमोटनं देवनागरी टाइप करणं म्हणजे शिक्षा आहे, त्या वेळेपुरता यूएसबी कीबोर्ड जोडा किंवा पुढं सांगितलेल्या फोनच्या ॲपमधून मजकूर पाठवा.

हीच युक्ती पुष्कळ ठिकाणी चालते. 'प्ले काउंट' शून्य अशी अट घातली की कधीच न ऐकलेलं सगळं वर येतं. आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत 'जॉनर'मध्ये 'आरती' एवढ्या एका अटीवर काम भागतं. आईनं 'जॉनर अभंग' आणि 'मूड सकाळ' अशी दुहेरी अट लावून घेतलीय, तिची यादी देवपूजेला वाजते.

आवाजाच्या दोन-तीन गोष्टी

'सिस्टीम'मध्ये 'ऑडिओ' उघडून आवाज कुठून बाहेर पडायचा ते निवडा, एचडीएमआय, हेडफोन की यूएसबी डॅक. तिथंच मेनू हलवताना होणारे टकटक आवाज बंद करा, मालकंसात ते सहन होत नाहीत. 'प्लेयर'मध्ये म्युझिकखाली 'क्रॉसफेड' शून्यावर आणा, नाहीतर एका गायकाचं संपत असतानाच दुसऱ्याचं मिसळायला लागतं. 'रिप्ले गेन' मात्र कामाचं आहे. एक कॅसेट बारीक, दुसरी कर्कश असं होतं तेव्हा ते सगळ्यांची पातळी जुळवतं. त्यासाठी फाइलींत रिप्ले गेनचा टॅग आधी भरलेला हवा, ते काम फूबार२००० हा फुकटचा प्लेयर एका झपाट्यात करतो.

फोनवरून चालवणं

गाणं बदलायला टीव्ही लावावा लागू नये म्हणून हे. अँड्रॉइड फोनवर 'कोरे' हे कोडीवाल्यांचंच ॲप घ्या. कोडीत 'सर्व्हिसेस', 'कंट्रोल' उघडून एचटीटीपीवरून रिमोट चालवायला परवानगी द्या, पासवर्ड ठेवा, पोर्ट ८०८० असतो तो तसाच राहू द्या. खाली इतर यंत्रांवरच्या ॲप्सना परवानगी द्यायचा पर्याय आहे, तोही चालू करा. फोन आणि कोडी एकाच वायफायवर असले की कोरे आपण होऊन शोधतं. सापडलं नाही तर निम्म्या वेळा फोन मोबाइल डेटावर असतो.

डॅकमधून आवाज ॲम्प्लिफायरला जात असेल तर टीव्ही बंद ठेवूनही ऐकता येतं. एचडीएमआयनं टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर टीव्ही चालू ठेवण्यावाचून इलाज नाही.

आण्णा फोनला हात लावेनात. मग मी त्यांच्या फोनवर कोरेचं चिन्ह पहिल्याच पानावर ठेवलं, बाकी सगळं मागच्या पानावर. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात मला सारंग ऐकू आला. कुणी लावला म्हणून बाहेर आले, तर आण्णा पेपर वाचत होते, फोन उपरण्याखाली.

जपून ठेवणं

वीज जाते-येते त्याला इलाज नाही, पण पाय आणि ड्राइव्ह इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. लिहिणं चालू असताना वीज गेली की ड्राइव्हचं तंत्र बिघडतं. ड्राइव्ह काढायची असेल तर आधी कोडीच्या पॉवर मेनूतून बंद करा, मग काढा.

कोडीनं बांधलेली यादी पुसली गेली तर फार रडू नका, टॅग नीट असतील तर ती तासाभरात परत बांधता येते. किती वेळा काय वाजलं एवढाच हिशेब जातो. तो हवा असेल तर 'मीडिया', 'लायब्ररी'त जाऊन 'एक्सपोर्ट' करून ठेवा. जपायच्या त्या फायली. गाण्यांच्या सगळ्या ड्राइव्हची एक जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या ड्राइव्हवर काढा आणि ती त्याच कपाटात ठेवू नका. आमची दुसरी ड्राइव्ह विट्याला बहिणीकडं असते. दिवाळीला ती येताना आणते, वर्षभरात भरलेलं नवं तिच्यात ओततो आणि भाऊबीज झाली की परत पाठवतो. त्यातल्या पहिल्या फोल्डरचं नाव 'वही' आहे, लाल वहीच्या ११४ पानांचे फोटो.